शुभेच्छुकांच्या रांगेत

माझ्याकडे शाली इतक्या साठल्या आहेत की एखादं दुकान टाकावं. कुठेही बोलायला गेलं की शाल, श्रीफळ आणि चकचकीत कागदात गुंडाळलेला गुच्छ. नारळाची आई चटणी करते, गुच्छ घरी पोचेपर्यंत माना टाकतो, शाल मात्र कपाटात जाऊन बसते ती बसतेच. गेल्या वर्षी आईने शाली एकमेकींना जोडून गोधड्या शिवायला घेतल्या. म्हणाली, "तुझा सत्कार पांघराया तरी कामाला येल."

मी धम्मदिना. भिवंडीजवळच्या वळ गावची. सोळाव्या वर्षी ओळखीतल्याच एका बाईने मला कपड्यांच्या कारखान्यात काम देते सांगून नेलं आणि विकलं. सहा वर्षांनी सुटून आले. पुढे खूप वर्षांनी ते सगळं लिहून काढलं, त्याचं पुस्तक झालं आणि मी लेखिका झाले. लेखिका झाले म्हणून भाषणं मागे लागली. मी कुठल्यातरी सभागृहात उभी राहून तेच ते सांगते आणि शेवटी कुणीतरी हात वर करून विचारतं, "त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?"

दरवेळी हाच प्रश्न. काय वाटणार? भूक लागली होती, असं एकदा सांगून बघितलं, तर समोरच्या बायका हिरमुसल्या. रुमाल काढून बसलेल्या असतात बिचाऱ्या. म्हणून मी ठरलेलं उत्तर देते. ते इतकं पाठ झालंय की देता देता मनात संध्याकाळची भाजी ठरवता येते. हे ऐकून कुणाला मी निगरगट्ट वाटेन. वाटू दे. मी थकलेय, एवढंच.

त्या रविवारी मी नाशिकहून पुरस्कार घेऊन येत होते. वडप्यापासून नेहमीप्रमाणे कंटेनरची रांग लागली होती. पायाशी ट्रॉफीची पिशवी, मांडीवर शाल, आणि डोक्यात एकच गोष्ट: मंगळवारी उन्नतीची साक्ष.

सुटून आलेल्या मुलींच्या केसमध्ये मी कार्यकर्ती म्हणून सोबत असते; त्यातलीच उन्नती आमच्या घरी राहायची. एकोणीस वर्षांची, शहापूरच्या आतल्या एका गावातली. आईबाप नाहीत, काकाने वाढवलेली. त्याच काकाने, केसरीनाथने, तिला दीपेश नावाच्या लेबर पुरवणाऱ्या माणसाच्या हवाली केलं. वडप्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम आहे, राहायला खोली आहे, असं सांगून. गोडाऊनचं शटर काही तिला दिसलं नाही. तिला परस्पर सुरतेला नेलं. तिथून पोलिसांनी सोडवली तेव्हा काकाच्या घराचं दार बंद झालं होतं. केस मागे घे, मग ये, असा निरोप होता. दीपेश आणि केसरीनाथ दोघेही जामिनावर बाहेर होते. सरकारी वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, मुलगी उभी राहिली तर केस आहे, नाहीतर दोघेही सुटले म्हणून समजा.

उन्नती उभी राहायला तयार झाली ती एका अटीवर. आपण कुठे राहतो हे कुणाला कळता कामा नये आणि आपला चेहरा कुठेही दिसता कामा नये. मी शब्द दिला. गावात सांगितलं, मावसबहिणीची मुलगी आहे, टायपिंगच्या क्लाससाठी आली आहे. खरं फक्त मला आणि आईला माहीत होतं. पोरगी इतकी सांभाळून राहायची की दारावर दूधवाला आला तरी ओढणी नाकापर्यंत घ्यायची.

बायपासला नरेंद्र रिक्षा घेऊन आला होता. हा आमच्या शेजारचा, वळ ते अंजूरफाटा रिक्षा चालवतो. एरवी खड्डे बघत नाही, पण गाव जवळ आलं तसा त्याने वेग कमी केला.

"ताई, नाक्यावर जरा डावीकडं बघा हां. सरप्राइज हाय."

मी बघितलं. नाक्यावर वडाच्या दोन फांद्यांना आणि विजेच्या खांबाला बांधलेला भलामोठा बॅनर होता. मधोमध मी, रंग दोन हात उजळ करून, ट्रॉफीऐवजी हातात पुस्तक. 'वळगावची कन्या, सुप्रसिद्ध लेखिका धम्मदिनाताई यांचे हार्दिक अभिनंदन!' हे काम माझ्या चुलतभावाचं, मिलिंदचं. मिलिंदला बॅनरचा नाद आहे. कुणी दहावी पास होवो, कुणी बुलेट घेवो, मिलिंद बॅनर लावतो. आणि आमच्याकडच्या बॅनरची रीत अशी, की ज्याचं अभिनंदन तो एकटा कधी नसतो. खाली शुभेच्छुकांची रांग लागते, प्रत्येकाचा गोल फोटो आणि खाली नाव. कुणी राहिलं तर वर्षभर बोलत नाही. त्या रांगेत मिलिंद होता, काळा चष्मा लावलेला नरेंद्र होता, माझा भाऊ राघो होता, आई होती, मिलिंदचं अजून बोलताही न येणारं पोर होतं.

आणि आईच्या शेजारी उन्नती होती. ओढणी नाही, काही नाही. तोंडाला केक लागलेला, हसणारी. खाली स्वच्छ अक्षरात नाव.

"थांबव," मी म्हटलं.

"फोटो काढाचा का? थांबा, मी काढतो."

"नरेंद्र, रिक्षा थांबव रे!"

माझा आवाज ऐकून पानाच्या टपरीवरची माणसंही वळून बघायला लागली. कधी लावला, मी नरेंद्रला विचारलं. बॅनर शनिवारी सकाळीच लागला होता. म्हणजे दीड दिवस. नाक्यावरून गोडाऊनची सगळी पोरं जातात, टेम्पो जातात, लेबरच्या गाड्या जातात. दीपेशची माणसं तिथूनच ये-जा करतात. आणि वर मिलिंदने तो स्टेटसला ठेवला होता, आणि सगळ्या शुभेच्छुकांनी आपापल्या स्टेटसला ठेवला होता, कारण त्यात त्यांचेही फोटो होते.

घरी गेले तर आई दारातच भाकरतुकडा घेऊन उभी. माझ्यावरून ओवाळून टाकायला.

"तो फोटो कुणी दिला?" मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"कंचा?"

"उन्नतीचा. बॅनरवरचा."

"मी दिला. तुझ्या वाढदिवसाला काढलेला ना, माझ्याच मोबाईलात होता. किती छान आलाय, बघितलास ना?"

"आई, तिला लपवून ठेवलंय आपण!"

"मंग? मी कुनाला एक शब्द बोलली न्हाय," आई म्हणाली. "इचार गावात. कुनाला म्हाईत हाय का तिचं काय झालं ते?"

तिच्या लेखी लपवायचं ते तोंडाने. फोटोतूनही काही कळतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजावून सांगायला लागले, म्हणजे ओरडायलाच लागले. तिला काय काय बोलले ते आठवत नाही. भाकरतुकडा तिच्या हातातच राहिला. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि ती पायरीवर बसली.

"राघोच्या पत्रिकेत तुझं नाव न्हवतं," ती म्हणाली.

हे तिने इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं. मी सुटून आले त्याच वर्षी राघोचं लग्न झालं. पत्रिकेत चुलते, मामे, आत्याची सून, पाळण्यातली पोरं, सगळी होती. सख्ख्या बहिणीचं नाव नव्हतं. मी लग्नाच्या दिवशी मागच्या खोलीत कांदे चिरत बसले होते.

"मीच म्हनली होती, काढा म्हून. लोकं काय म्हनतील म्हून," आई म्हणाली. "त्याच्यामुळं आता मिलिंदला सांगितलं, घरातलं एक बी मानूस सुटता कामा न्हाय. ही पोरगी पन घरातलीच हाय. तिला कशी वगळू?"

करायला गेले काय आणि वरती झाले पाय, अशी गत. चिडावं तरी कुणावर? मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

उन्नती आत पीठ मळत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा तिने मान वर केली नाही.

"तुला माहीत होतं?"

"काल बघितलं. नरेंद्रदादाच्या स्टेटसला."

"मग मला फोन का नाही केलास?"

"तुमचा कार्यक्रम होता ना." तिने पिठाचा गोळा परातीत ठेवला. "ताई, मी मंगळवारी नाही येणार."

एखाद्या कार्यकर्तीने अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला माहीत आहे. प्रशिक्षणात मीच शिकवते. मला त्यातलं एकही वाक्य उचलवेना.

"बरं," मी म्हटलं. "मी शब्द दिला होता, तो मोडला. आता मी तुला काही म्हणू शकत नाही."

ती भाकऱ्या थापायला लागली.

मी नाक्यावर गेले आणि बॅनर उतरवायला घेतला. मिलिंद धावत आला. "ताई, लोकं काय म्हनतील? दोन दिवस तरी राहू दे ना." मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. लपवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही इतकं बेमालूम लपवलं होतं की सगळ्यांना ती नातेवाईकच वाटली. मग तोच झाडावर चढला. नरेंद्रने खाली घडी घातली. स्टेटस काढले, फोन फिरवले. पण सांडलेलं पाणी भरून घेता येतं का? केसचा तपास करणाऱ्या पोलीस साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बघतो मॅडम." त्यांचाही आवाज माझ्यासारखाच थकलेला होता. रविवार होता.

सोमवारी दुपारी दारात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात शाल आणि नारळ.

"लेखिकाताई हितंच राहतात ना? नाक्यावर ब्यानर बघितला होता. म्हटलं, सत्कार करून जावं."

असे लोक येतात. पुरस्कारानंतर तर फारच. आईने खुर्ची पुढे केली, चहाचं आधण ठेवलं. त्याने शाल उलगडली, रीतसर माझ्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला, हात जोडले. मीही सवयीने हात जोडले. माझे हात आता आपोआप जुळतात.

"घरची सगळी बरी ना?" तो म्हणाला. "सगळ्यांचे फोटो बघितले." आणि माझ्या खांद्यावरून त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

दारात उन्नती उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिने ओढणी ओढली नाही. आता ओढून काय उपयोग होता?

"काका," ती म्हणाली.

केसरीनाथचं नाव मी फक्त केसच्या कागदांत वाचलं होतं, चेहरा बघितला नव्हता. जामिनावरच्या माणसाने साक्षीदाराच्या दारात यायचं नसतं. पण शाल-नारळ घेऊन आलेल्याला कोण अडवणार? गावात त्याने घर विचारलं तेव्हा टपरीवाल्याने कौतुकाने बोट दाखवलं असणार. मला स्वतःची किळस आली. त्या माणसाची शाल माझ्या अंगावर होती, आणि ती घेताना मी हसले होते.

केसरीनाथ आरामात खुर्चीवर टेकला. "उन्नती, चल घरी. काकी रोज आठवन काढते. किती दिवस लोकांच्या दारात राहशील? ह्या बायका मोठ्या हायेत, त्यांची पुस्तकं निघतात, ब्यानर लागतात. तुझं काय? उद्या ह्यांचं काम झालं की तुला कोन इचारनार हाय? कोर्टबिर्ट सोड. घरचं ते घरचं."

यातलं एक वाक्य मला झोंबलं, कारण ते मी स्वतःलाही रात्री विचारलं होतं. माझं पुढचं भाषण उन्नतीवर असणार होतं का? नाव बदलून, गाव बदलून? असतंही कदाचित. मी उन्नतीकडे बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं, जाणार ही. आणि गेली तर मी तिला काय सांगून थांबवू?

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तिने उन्नतीचं तोंड बघितलं, त्याचं बघितलं, आणि तिला सगळं उमगलं. कप तिने खिडकीत ठेवला. माझ्याजवळ येऊन माझ्या खांद्यावरची शाल काढली, तिची व्यवस्थित घडी घातली, वर नारळ ठेवला आणि दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ही घेऊन जा. आमच्याकडं लई झाल्यात. गोधड्या शिवून पुरं झालं."

"मावशी, मी हिचा सख्खा—"

"ऊठ," आई म्हणाली. "चहा पन न्हाय मिळनार."

एव्हाना नरेंद्रची रिक्षा दारात येऊन थांबली होती आणि मागे मिलिंद मोटारसायकलवर होता. टपरीवाल्याला उशिरा का होईना शंका येऊन त्याने त्यांना कळवलं असावं. केसरीनाथ उठला. जाताना शाल बगलेत मारून म्हणाला, "बघ बाबा, उन्नती. एकदा कोर्टात तोंड उघडलंस तर आमचं दार कायमचं बंद. मंग तुला घर न्हाय."

तो गेला. उन्नतीने तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा आत गेली. मी साहेबांना फोन करून सगळं कळवलं. या वेळी ते 'बघतो' म्हणाले नाहीत, सकाळी दोन महिला शिपाई पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, पाठवा, पण मुलगी येईलच असं नाही.

मंगळवारी सकाळी मी एकटीच तयार होत होते. वकीलबाईंना तोंड दाखवून सांगावं तर लागणार होतं. बाहेर आले तर उन्नती चपला घालून पायरीवर बसली होती. वेणी घातलेली, ओढणी खांद्यावर. आई डबा बांधत होती. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि तिचा बेत बदलला तर, अशी भीती वाटली.

साक्ष बंद खोलीत होती. आत फक्त न्यायाधीश, वकील, पडद्यापलीकडे आरोपी आणि ती. मी आणि आई बाहेर बाकड्यावर बसलो. एवढी वर्षं मी त्या बाकड्यांवर बसतेय, त्यांच्या फटीसुद्धा ओळखीच्या झाल्यात. दार उघडायचं, कारकून बाहेर यायचा, पुन्हा बंद. एकदा आरोपीचे वकील फोनवर बोलायला बाहेर आले. त्यांच्या फाइलमधून एक रंगीत कागद डोकावत होता. मी ओळखला. आमचाच बॅनर, छापून आणलेला. म्हणजे पोरीला शिकवून आणलंय, लेखिकेच्या प्रसिद्धीसाठी चाललंय सगळं, असं म्हणणार हे. मी डोळे मिटून घेतले. आईला सांगितलं नाही.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं आणि उन्नती बाहेर आली. बरोबर महिला शिपाई होती. मी बाकड्यावर तिला जागा करून दिली.

"झालं?"

"झालं. सगळं सांगितलं. काकाचं पण." ती माझ्या शेजारी टेकली. "त्यांनी तो फोटो दाखवला."

"मला वाटलंच होतं. काय विचारलं?"

"म्हणाले, ह्या बाईंच्या जाहिरातीत तुझा फोटो कसा काय? कुणी लावला? तू ह्यांची कोण लागतेस?"

"मग?"

"मी म्हटलं, घरच्यांनी लावला."

तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. वकील पुढे म्हणाले होते, तुझं घर तर शहापूरकडे आहे, आणि ती पुन्हा तेच म्हणाली होती. मग न्यायाधीशबाईंनी वकिलांना पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

त्या वेळी तुम्हाला काय वाटलं, असं मला लोक विचारतात. आता कुणी त्या बाकड्याबद्दल विचारलं तर माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर नाही. मला रडू फुटलं. वीस वर्षांत चारचौघांत रडले नव्हते, ती तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर, तोंडावर पदर घेऊन हुंदके द्यायला लागले. मला बघून उन्नतीही रडायला लागली.

"काय झालं? काय म्हनली ती?" आई विचारत होती. तिला अलीकडे कमी ऐकू येतं. मला सांगता येईना. शेवटी उन्नतीनेच तिच्या कानाशी वाकून सांगितलं.

आईने पिशवीतून डबा काढला, मांडीवर उघडला आणि भाकरीचे तुकडे करून आमच्या दोघींच्या हातात दिले.

"आधी खावा दोघी," ती म्हणाली. "मंग रडा."